डोणगावच्या स्टँडवरची मुलगी

वडिलांसारखीच मीही रातांधळी. सोळाव्या वर्षी, दिवस मावळला की आईचा हात धरून चालायची. सोयरीक मोडेल म्हणून आई ते लपवायची.

डोणगावच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा अंधारलं होतं. आवाजावरून माझ्याच वयाची वाटणारी एक अनोळखी मुलगी मोठ्यानं म्हणाली, "मले अंधारात दिसत नाही. कोणी चढवून द्या."

"लगनाची पोरगी तू, चारचौघांत काऊन सांगून राह्यली?" एका बाईनं टोकलं.

"मंग काय पडू?" ती हसली. "आमच्या बाबालेबी दिसत नाही."

बायांनी तिला चढवलं. तिच्या हसण्याचा मला हेवा वाटला. आई कुजबुजली, "गुपचूप चढ." आत त्या मुलीच्या गप्पा रंगल्या होत्या. आईचा हात सोडून मी त्या आवाजाकडे गेले.

"मलेबी दिसत नाही."

ती सरकली. "बस मंग."