पखुर्डीच्या पाणवठ्यावर वाजलेला फोन

एप्रिलच्या उन्हात बीडला कुणी फिरायला जातं का, असं आई म्हणाली, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. लोक कोकणात जातात, गेलाबाजार महाबळेश्वरला तरी जातात. मी मात्र बँकेतून रजा काढून सोलापूरहून बीडच्या माळावर भाजून घ्यायला निघाले होते. नव्या वाचकांसाठी सांगते, मला दिसेल त्या रानजिवाचे फोटो काढायचा छंद आहे. पक्षी, कोळी, फुलपाखरं, सरडे, गवताची फुलं, काहीही चालतं. फक्त ते कुणी पाळलेलं किंवा लावलेलं नसावं. फोटो काढायचा, नाव शोधायचं, यादीत घालायचं आणि पुढच्याच्या मागे लागायचं. वेड म्हणा. आई म्हणतेच.

या खेपेला जायची कारणं दोन. पहिलं पखुर्डी. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी. समोर बसला तरी पटकन दिसत नाही. उन्हाळ्यात याची पिलं उघड्या माळावर असतात आणि पाणी असतं लांब. मग नर सकाळी पाणवठ्यावर येतो, पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि तसाच ओल्या पोटानं पिलांकडे उडत जातो. पिलं त्या पिसांतून पाणी पितात. पोट भिजवणाऱ्या नराचा फोटो मला कितीतरी वर्षं हवा होता.

दुसरं कारण रशीदभाई. ते बीडचे, घरचा फळांचा धंदा. खोकडाच्या मागावर असताना माळावरच आमची ओळख झाली आणि माझ्याइतकंच बिघडलेलं माणूस भेटल्याचा मला कोण आनंद झाला होता! गेल्या उन्हाळ्यात त्यांचे वडील वारले. तेव्हापासून त्यांनी कॅमेरा हातात धरला नाही. आमच्यासारख्या रानवेड्यांच्या ग्रुपमधून न बोलता निघून गेले. मी फोन केला की ते माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे, पण पाखरांचा विषय निघाला की दुकानात नेमकं गिऱ्हाईक यायचं. मला त्यांना परत रानात न्यायचं होतं. आणि पखुर्डीचा पाणवठा त्यांनाच ठाऊक होता, हेही तितकंच खरं. यातलं मोठं कारण कोणतं, ते मला विचारू नका.

रस्त्याचं म्हणाल तर तक्रारीला जागा नाही. तुळजापूर, धाराशिव, येडशी करत हायवे सरळ बीडला नेऊन सोडतो. सकाळी निघालात तर जेवायला बीडमध्ये. मी दुपारी निघण्याचा शहाणपणा केला. एसी बंद पडलेल्या गाडीत माझा पापड झाला. चौसाळ्याला थांबून चहा आणि भजी घेतली. भजी गरम आणि चहा पाकासारखा गोड. समोरच्या रस्त्यानं बीडकडे ट्रॅक्टर जात होते, कारखान्यांवरून परतणाऱ्या ऊसतोडीच्या बिऱ्हाडांचे. भांडी, गाद्या, कोंबड्या, वर बसलेली पोरं, सगळं एकाच ट्रॉलीत. चहावाला म्हणाला, आता शिरूर कासारकडची बंद घरं उघडतील. तसं पाहिलं तर घरी परतणारी माणसं होती, पण चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. मांजरसुंब्याचा घाट उतरले तेव्हा डोंगर नुसते तपकिरी पडले होते आणि मलाही उगाच उदास वाटायला लागलं.

बीडला स्टँडजवळ साधी खोली घेतली. पंखा आवाज करतो, पाणी येतं, बाईमाणसाला एकटं राहायला अडचण नाही. संध्याकाळी रशीदभाईंच्या घरी गेले. ते अजून दुकानातच होते. शबानाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बसवलं, सरबत दिलं, आणि सना, त्यांची आठवीतली मुलगी, आत अभ्यासाला गेल्यावर माझ्याजवळ सरकून बसल्या. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

त्यांचे वडील, घरातले अब्बा, वारले त्या दिवशी रशीदभाई पखुर्डीच्याच पाणवठ्यावर होते. फोन सायलेंटवर, बॅगेत. हा काही त्यांचा हलगर्जीपणा नव्हता, आमचा सगळ्यांचा नियमच आहे तो. रानात शिरताना अत्तर नको, भडक कपडे नकोत, बोलणं नको आणि फोन गप्प. कुणाचा वाजला तर आम्ही त्याला पुढच्या ट्रिपपर्यंत टोमणे मारतो. इकडे दुकानात अब्बांच्या छातीत दुखायला लागलं. भाभी फोन लावत राहिल्या. शेवटी शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं. अब्बा वाटेत "रशीद आला का" एवढंच विचारत होते. रशीदभाईंनी बॅगेतला फोन बाहेर काढला तोवर सगळं संपलं होतं.

भाभी म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलंय की हे जवळ असते तरी फरक पडला नसता. पण यांना ते पटत नाही. झोपताना फोन उशाशी, नमाजाला जाताना गल्ल्यावरच्या पोराकडे, न्हाणीत जातानासुद्धा दाराबाहेर स्टुलावर. सनाला शिकवणीहून यायला जरा उशीर झाला की हातातलं गिऱ्हाईक सोडून फोन लावतात. अब्बा त्यांची थट्टा करायचे, पाखरांच्या फोटोंनी पोट भरतं का म्हणून. आणि तेच फोटो आपल्या मोबाइलमध्ये घेऊन टरबुजाच्या गिऱ्हाइकांना दाखवायचे. आता कॅमेरा माळ्यावर आहे. त्या दिवशीचे फोटो त्यांनी पाहिलेलेच नाहीत.

"घेऊन जा ताई ह्यांना," भाभी म्हणाल्या. "दुकान आन् घर, तिसरं कायच न्हाई. असं कसं निभायचं?"

रशीदभाई आले ते वर्षात पाच वर्षांनी म्हातारे होऊन. माझ्याकडे बघून हसले मात्र पूर्वीसारखेच. मी सरळ विचारलं, उद्या येता का. त्यांनी भाभींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, जागा दाखवतो, कॅमेरा घेणार न्हाई. मला तेवढं पुष्कळ होतं.

पहाटे माझ्या गाडीनं शिरूर कासारच्या बाजूला निघालो. (जागा विचारू नका, सांगणार नाही. सांगितलं की रविवारी पंधरा गाड्या उभ्या राहतात आणि पाखरं कायमची जातात.) पाणवठ्याच्या अलीकडे गाडी लावताना मी त्यांच्या खिशाकडे बघत होते. त्यांना कळलं.

"फोन चालूच राहील, ताई. तुमाला चालत नसंल तर मी गाडीपशी बसतो," ते म्हणाले.

चला म्हटलं. मनात म्हटलं, सकाळच्या पारी कोण कशाला फोन करतंय.

तलाव कसला, उरलेलं डबकं होतं. भोवती चिरफाळलेला चिखल, त्यात शेळ्यामेंढ्यांच्या खुरांचे ठसे. एका बाभळीच्या आडोशाला मातकट कापड बांधून आम्ही खाली बसलो. उजाडलं तसा माळ जागा झाला. चंडोल बोलायला लागले. दगडावर एक सरडा चढला आणि गळ्याचा निळा पंखा उघडून मादीपुढे मिरवायला लागला. रशीदभाईंनी हनुवटीनंच मला तो दाखवला. मी फोटो काढत होते तेव्हा सहज माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचं बोट माझ्या प्रत्येक क्लिकबरोबर हलत होतं. मला फार बरं वाटलं. वाटलं, आलं माणूस परत.

ऊन जरा वर आल्यावर आभाळातून 'कट-रो, कट-रो' ऐकू आलं. पखुर्ड्या! डोक्यावरून एक चक्कर मारून त्या लांबच उतरल्या. हा पक्षी भलता भित्रा, पाण्यावर एकदम येत नाही. आधी नुसत्या बसून राहिल्या. मग एकेक करत लगबगीनं पाण्याशी आल्या, घटाघटा प्यायल्या. बाकीच्या उडायच्या बेतात होत्या, पण एक नर पाण्यात शिरला. पिसं फुलवली. खाली बसला आणि पोट इकडून तिकडे हलवायला लागला. पुढे वाळक्या गवताची काडी येत होती, फोकस त्या काडीवर जात होता. मी जरा सरकले, काडी बाजूला गेली, नर स्वच्छ दिसायला लागला.

आणि फोन वाजला. घरात ठेवतात तसा मोठ्या आवाजात.

सगळ्या पखुर्ड्या एकदम उडाल्या. माझ्या कॅमेऱ्यात पाण्याचे शिंतोडे आणि पंखांचा फराटा आला. शेजारी रशीदभाई फोनवर बोलत होते, अगदी निवांत. "हां बेटा, बोल." सनाचा कंपासबॉक्स सापडत नव्हता. खिडकीत बघ, फ्रिजवर बघ, अम्मीला विचार. सापडेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. सापडल्यावर पेपर नीट लिही म्हणाले.

मी तशी तुसडीच आहे, पण त्या क्षणी जे बोलले ते तुसडेपणाच्याही पलीकडचं होतं. आदल्या संध्याकाळी सगळं ऐकूनसुद्धा बोलले, हे विशेष. मी म्हटलं, "एक तास बंद ठेवला असता तर काय बिघडलं असतं, रशीदभाई?"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. डबक्याकडे बघत म्हणाले, "त्या दिशीबी एकच तास ठिवलता बंद, ताई."

मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. माफी मागितली. ते म्हणाले, असू द्या, तुमचं नुकसान झालंच की. त्यानं तर मी आणखीच मेले. पुढे बराच वेळ बसलो, पण पखुर्ड्या परत आल्या नाहीत. येताना एका टपरीवर गाडी थांबवून त्यांनी मला बळंच उसाचा रस पाजला. जणू काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, मी येत न्हाई, तुमी एकल्या जा, तुमचं काम हुईल. मी गेले. त्याच बाभळीखाली बसले आणि सवयीनं फोन सायलेंट करायला काढला. माझ्यानं तो करवेना. आवाज मोठा करून समोर दगडावर ठेवला आणि सकाळभर मी डबक्याकडे कमी आणि फोनकडे जास्त पाहिलं. सोलापुरात आई एकटी. पडली तर? शेजारच्या काकू घरी नसल्या तर? एवढी वर्षं रानात बसले, हा विचार कधी शिवला नव्हता. फोन काही वाजला नाही. पखुर्ड्याही आल्या नाहीत. कुणीतरी म्हशी आणून डबक्यात बसवल्या होत्या. त्यांना तरी कुठं दुसरं पाणी होतं! मी रशीदभाईंसारखी अशी एकच सकाळ काढली आणि दमून गेले. ते वर्षभर काढताहेत.

निघण्याआधी भाभींनी खिचडी-खट्टा खाऊ घातला. बीडला गेलात आणि कुणाच्या घरी सकाळी हा योग आला तर सोडू नका. चिंचेचा तो आंबट खट्टा खिचडीवर ओतून खायचा. रशीदभाईंनी गाडीत दोन टरबुजं ठेवली. पुन्हा रानात या, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

घरी पोचल्यावर आईनं विचारलं, मिळाला का पक्षी. मी सगळं सांगितलं. भाभींनी लावलेले फोन, सनाचा कंपास, माझं बोलणं. तिनं ऐकून घेतलं, टरबूज कापायला घेतलं आणि अगदी सहज म्हणाली, "तू तरी कुठं उचलतेस फोन रानात असताना? मी करतच नाही."

करतच नाही. म्हणजे कधीतरी करत होती.

त्या दिवसापासून माझा फोन रानातही चालू असतो. ग्रुपमध्ये सांगून टाकलं. दोघातिघांनी तोंडं वाकडी केली, पुढच्या ट्रिपचं मला कळवलंच नाही. ठीक आहे. एकटी जाते. फोन वाजतो आणि पाखरं उडतात, आणि बहुतेक वेळा कुणीतरी कर्ज हवंय का विचारत असतं. चिडचिड होते, नाही कशी होणार? पण आईही आता मधूनच करते. भाजी काय आणू, एवढ्यासाठी.

गेल्या आठवड्यात सोलापूरजवळच्याच एका माळावर बसले होते. तिथंही पखुर्ड्या येतात असं कळलं होतं, आणि खरंच आल्या. उतरल्या, पाण्याकडे निघाल्या, तेवढ्यात फोन. 'कट-रो, कट-रो' करत सगळ्या उडाल्या. बघते तर रशीदभाई. आईच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागले आणि मध्येच थांबले. माझ्या डोक्यावर पखुर्ड्या अजून ओरडत चकरा मारत होत्या.

"पखुर्ड्या हैत ना?"

"होत्या," मी म्हटलं.

आता दुकानात नेमकं गिऱ्हाईक येणार, असं मला वाटलं. पण ते हळूच, रानात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "फोन ठिवू नका, ताई. गप बसा. येतील परत."

मी फोन तसाच चालू मांडीवर ठेवला. त्यांच्याकडून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते, कुणीतरी टरबुजाचा भाव विचारत होतं आणि ते उत्तर देत नव्हते. ऊन चढलं, पाण्यावर वारा सुटला. पखुर्ड्या काही आल्या नाहीत. मी फोनकडे पाहिलं. रशीदभाई अजून होते.