खडे धरलेली बाटली

आधी त्या सिस्टरबाईंचं सांगतो. दुधनीकडच्या होत्या, मराठीला कानडी हेल. त्या नसत्या तर मी माझ्या हातानंच पोरीचा घात केला असता.

तेव्हा मी भवानी पेठेत चादरी विणणाऱ्या एका मागवाल्याकडं सुताला खळ लावायचो. गाव पार चंद्रपूरकडं, शाळा चौथीतच सुटलेली, बायको बाळंतपणाला माहेरी. पाच वर्षांच्या पोरीला ताप भरला, मग झटके आले, शुद्ध गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "मलेरिया डोक्यात गेलाय. मेंदूला सूज आहे." डास चावतो पायाला, सूज डोक्यात कशी? मला पटेना.

क्विनाइनची सलाईन चालू होती. तेवढ्यात सिस्टर सूज उतरवायच्या औषधाची बाटली घेऊन आल्या. तळाशी पांढरे खडे. आमच्या कामात खळीत गुठळी दिसली की अख्खी कढई ओतून द्यायची, नाहीतर सूत तुटतं. मी त्यांचा हात धरला.

"ही नासली आहे. गरिबाच्या पोरीला काहीही चालतं का?"

"नासली न्हाय हो भाऊ. थंडीनं खडे धरलेत."

त्यांनी पातेल्यात कढत पाणी आणून बाटली बुडवली. माझा संशय आणखीच वाढला. शिळी भाजी गरम करून खपवतात, तसलंच हे.

"हितंच बसा. नजर हलवू नका," त्या म्हणाल्या.

मी राखणीला बसलो. खडे हळूहळू विरघळले. बाटली निवेपर्यंत त्या थांबल्या, मग माझ्याच हातात दिली. "धरा उजेडाला. एक जरी खडा दिसला तर फोडा."

दिसला नाही. मी बाजूला सरलो, त्यांनी बाटली लावली.

थोड्या वेळानं पोरीनं गादी भिजवली. चादर बदलली, तीही भिजवली. मी ओरडलो, "अंगातलं सगळं पाणी चाललंय!"

"जाऊ द्या की! तेच पायजे. डोक्यातली सूज लघवीवाटंच उतरती. तुमचा संशय बी त्यातनं गेला तर बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीनं डोळे उघडले आणि माझ्याकडं परक्यासारखं बघितलं. माझी दाढी वाढली होती.

पुढं एका डॉक्टरांनी सांगितलं, तारलं ते क्विनाइननं. त्या बाटलीचा कितपत उपयोग होतो, कुणास ठाऊक. असेल तसं. पण माझ्यासारख्याला शेजारी बसवून बाटली दाखवणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. बाईंची बदली झाली, कुठं ते कळलं नाही. शोधून काढणार आहे. त्यांच्यासाठी एक चादर विणून घ्यायची आहे. तिच्या सुताला खळ मीच लावीन, आणि आधी उजेडात नीट बघून घेईन.