शिवानीचा गुडघा

ईट गावच्या शाळेमागं खो-खोचं मैदान आहे आणि त्याच्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळं श्रीशैल सरांचं आयुष्य मी काउंटरवरूनच बघत आलोय. निवृत्त क्रीडाशिक्षक, बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगा हैदराबादला. हा माणूस रोज सकाळी मैदानातले खडे वेचतो आणि दोन्ही खांबांना पॉलिश पेपर घासतो, खेळायला येणाऱ्या पोरींच्या हाताला कुसं लागू नयेत म्हणून. मी चिडवायचो, "सर, घरातली भांडी तरी कधी एवढी घासलीत का?" ते हसायचे आणि पुढचा खडा उचलायचे.

खो-खोत पोरी उकिडव्या बसतात आणि खो मिळाला की ताडकन उठतात. सरांचं सगळं लक्ष या उठण्यावर. उठताना जिचा हात गुडघ्यावर गेला ती पंधरा दिवस बाहेर. विनंती चालत नाही. त्याला कारण होतं. निकिता नावाच्या पोरीला त्यांनी एकदा दुखऱ्या गुडघ्यानं फायनल खेळवली. ढाल आली, निकिताचं खेळणं मात्र तिथंच संपलं. ती अजून कठडा धरून जिना चढते, हे सर मला दर महिन्याला नव्यानं सांगतात.

आईबापांना निकिता माहीत नाही, सर्टिफिकेट माहीत आहे. दहावीचे वाढीव गुण, भरतीतला खेळाडूंचा कोटा. त्या कागदांच्या झेरॉक्स माझ्याकडंच निघतात, तेव्हा मी जास्त शहाणपणा करत नाही. पंधरा दिवस घरी बसवणाऱ्या सरांपेक्षा त्यांना जवळच्या वाशी गावचा तरुण कोच रणधीर बरा वाटला. पोरी एकेक करून तिकडं गेल्या. शेवटी मैदानावर उरली एकटी उमाशंकरची शिवानी. ती खांबाला वळसे घालायची, सर घड्याळ धरायचे, मग दोघं कट्ट्यावर बसून शेंगा फोडत गप्पा मारायचे. दिवसभरात सरांशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. मला ते दिसत होतं, तरी मी दुकान सोडून कधी गेलो नाही, याची लाज वाटते.

जिल्ह्याच्या निवड चाचणीला आठ दिवस राहिले होते. सकाळी मैदानावर शिवानी उकिडवी बसून उठली आणि तिचा हात गुडघ्यावर गेला. तिनं लगेच काढला.

"दुखतंय?" सरांनी विचारलं.

"न्हाय सर, शप्पथ."

सरांनी गुडघा दाबला तशी ती कळवळली. घरी आजीनं तेल लावून दोन दिवस रगडला होता, म्हणून आणखीच सुजला होता.

"डॉक्टरला दाखव. तवर पळायचं न्हाय."

"पण चाचणी हाय सर!"

"पुढल्या वर्षी बी हाय."

दुपारी उमाशंकर गाडी घेऊन आला. "तुमच्यापायी पोरीचं वर्ष जायचं, सर. उद्यापासनं वाशीला घालतो तिला."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं वाशीला निघाले. मला राहवेना, मीही गेलो. ज्या रणधीरला ते 'कालचं पोरगं' म्हणायचे, त्याच्यापुढं त्यांनी हात जोडले.

"शिवानीला घ्या तुमच्याकडं. लई चांगली हाय. फक्त उजवा गुडघा बरा झाल्याबिगर खेळवू नका."

"हात कशाला जोडता, सर?" रणधीर ओशाळला. त्यानं तिथूनच उमाशंकरला फोन लावला आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मैदानात घेणार नाही म्हणून सांगितलं. सरांचं न ऐकणाऱ्या उमाशंकरनं त्याचं मुकाट ऐकलं. मला असा राग आला!

लिगामेंट ताणलं होतं, फाटायचं तेवढं राहिलं होतं. डॉक्टरांनी दोन महिने विश्रांती सांगितली. चाचणी हुकली, आणि रणधीरला कोणी सांगितलं होतं हे शिवानीला कळलं. आता गुडघा बरा होऊन ती वाशीला जाते. गाडीची वाट बघत मैदानासमोर उभी राहते, पण सरांकडं बघत नाही.

परवा मी दुकान बंद करून सरांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला.

"पोरगी बोलत न्हाय तुमच्याशी," मी म्हणालो.

"पळती ना?"

"पळती की. परवा रणधीर कौतुक करत होता."

"मग झालं."

मी कप ठेवला आणि उठलो. ते घाईनं म्हणाले, "बसा की व्यंकटराव. सकाळपासनं कुणाशी बोललोच न्हाय."