शिवेपर्यंतचे स्थलांतर

कडब्यावर सांडलेल्या डिझेलचा वास आला, की दिवाळी सरली हे मला आजही पंचांगाशिवाय कळते. शिरूर कासार तालुक्यातल्या ज्या गावी मी शिकवत होते, तिथे त्या वासामागोमाग ट्रॅक्टर येत आणि माणसे, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या, गोधड्या असे सारे गाव ट्रॉल्यांत चढून उसाच्या दिशेने निघून जाई. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेली लोकसंख्या तेवढी जागची हलत नसे. तिच्याच भरवशावर हिवाळ्यातली ग्रामसभा मूठभर म्हाताऱ्यांत भरे आणि कागदोपत्री उत्साहात पार पडे.

त्या वर्षी माझ्या चौथीतल्या एका मुलीला आईबापांनी मागे ठेवायचे ठरवले होते. घरात आजी होती. पण तिला दिसत नव्हते, भाकरी थापणार कोण? ऊसतोड मजुरांच्या मुलांना गावातच जेवू घालणारी एक सरकारी योजना होती. ती लागू झाली तर मुलगी शाळेत, नाही तर उसाच्या फडात.

पाहणीचे साहेब आले तेव्हा ट्रॉली भरत आली होती. बोटांना नुकत्याच सोललेल्या मोसंबीचा वास घेऊन ते मुलीसमोर उभे राहिले.

"ही तर इथंच आहे," ते मला म्हणाले. "योजना स्थलांतरातून परत आणलेल्या मुलांसाठी आहे, मॅडम. जी गेलीच नाही, तिला परत आणली असं कसं लिहू?"

"पण गेली, तर परत कोण आणणार?"

"तो पुढचा टप्पा."

मुलीची आई ट्रॉलीत गोधड्या रचत होती. तिने वरूनच विचारले, "सायेब, किती लांब गेल्यावर गेली म्हनायचं?"

साहेबांनी फायलीची पाने चाळली. या प्रश्नावर परिपत्रक निघाले नव्हते.

"गावाची शीव तरी ओलांडली पाहिजे."

"मंग वढ्याच्या पल्याड नेती अन् उतरवती."

"कावून? ट्रॅक्टर हाय का एस्टी?" टोळी नेणारा मुकादम उसळला आणि ड्रायव्हरवर ओरडला, "कुठं थांबायचं न्हाई बे!"

"आख्खा हंगाम तुमच्यासाठी ऊस तोडनार हाय मी, मुकादम. एक डाव तुमी थांबा."

मुकादम पचकन थुंकून ड्रायव्हरशेजारी चढून बसला. ते हो होते की नाही, कळले नाही. मुलीला ट्रॉलीत चढवून साहेबांनी तिचा फोटो काढला. "जरा उदास चेहरा कर," म्हणून आणखी एक काढला. "परत आली की मला दाखवा," असे सांगून ते कडुलिंबाच्या सावलीत उरलेल्या मोसंबीकडे वळले. शासनाच्या दृष्टीने स्थलांतर सुरू झाले होते.

मी स्कूटीवरून पुढे जाऊन ओढ्यापलीकडे बाभळीखाली उभी राहिले. कोरड्या पात्रातून धूर ओकत ट्रॅक्टर वर आला आणि माझ्यासमोरून तसाच पुढे गेला. पेट्यांचा खडखडाट, करडांचे केकाटणे, तोंडावर गरम धूळ. मी पदर खोचून मागे धावले. ट्रॉलीतून आईने मुकादमाच्या सात पिढ्यांचा उद्धार चालवला होता. तो माझ्या व्याकरणात बसणारा नव्हता, पण ब्रेक त्यानेच लागला.

"उरका!" मुकादम खेकसला. इंजिन चालूच होते.

आईने मुलीला काखेत धरून ट्रॉलीच्या कडेवरून खाली सोडले. मुलीने तिची बाही मुठीत घट्ट धरली होती. आईने एकेक बोट सोडवले, पाय माझ्या हातांपर्यंत आणले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"धरा."