पांढरीच्या वावरातलं मडकं

गावात कुणाला नर्मदाबाईला नावं ठेवायची असतील, तर त्यानं आधी स्वतःच्या बेंबीकडं बघावं; ती नाळ बहुतेक तिनंच कापलेली असायची. कळमनुरीच्या अलीकडं, कयाधूच्या काठावरच्या त्या गावात तिच्या हातावर दोन पिढ्या जन्मल्या. सरपंचसुद्धा तिच्यापुढं तोऱ्यात बोलत नसे. "जास्ती बोलू नको, पायाकडून आल्तास तू," एवढं ती म्हणाली की त्याचा आवाज खाली यायचा.

सुईणपण तिला सासूकडून मिळालं आणि नवरा मिळाला तो मेंढरांमागं फिरणारा. सटवाजीची मेंढरं आणि चार एकर वावर, एवढ्यावर घर चालायचं. भोवतालची सगळी जमीन काळीभोर, ह्यांचा मधला तुकडा तेवढा राखेसारखा पांढुरका, म्हणून त्याला पांढरीचं वावर म्हणत. नांगर घातला की खापरं निघायची. सटवाजी ती बांधावर फेकायचा. इथं पूर्वी कुंभाराचं घर असणार, असं ठरवून त्यानं हा प्रश्न लग्नाआधीच मिटवून टाकला होता.

दोन हजार चार साली त्या वावरातून कालवा जायचं ठरलं. मोजणीवाल्यांना खापरं दिसली, त्यांनी वर कळवलं, आणि औरंगाबादच्या विद्यापीठातून जुन्या वस्त्या खणून अभ्यासणाऱ्या रागिणी मॅडम चार विद्यार्थी घेऊन आल्या. शाळेच्या एका खोलीत त्यांनी मुक्काम टाकला. कालवा कुणी अडवणार नव्हतं. मशीन येण्याआधी चाळीस दिवसांत जमिनीखाली काय आहे ते पाहायचं, मोजायचं आणि निघेल ते उचलून घ्यायचं, एवढीच परवानगी होती. खुंट्या ठोकून, दोऱ्या ताणून वावराचे चौकोन पाडले आणि कामाला गावातली माणसं लावली. नर्मदाबाई पहिल्याच दिवशी खुरपं घेऊन हजर.

"आपल्याच वावरात दुसऱ्याचं खुरपं चालावं आन् आमी बांधावर बसून बघावं, हे न्हाई जमायचं," ती म्हणाली.

काम मात्र अजब होतं. बोटभर माती खरवडायची, मग कुंचल्यानं झाडायची, पुन्हा बोटभर. सटवाजी दोन दिवस बांधावर उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "इतकं तर तू कधी घर झाडलं न्हाईस!" पण मॅडमनी तिचा हात ओळखला होता. कुठं जोर द्यायचा आणि कुठं नुसतं चाचपायचं, हे त्या हाताला शिकवावं लागत नव्हतं. म्हणून सगळ्यात नाजूक चौकोन तिच्याकडं आला. तिथं कमरेइतक्या खोलीवर जुन्या घराच्या भिंतीची रेघ लागली होती.

तिसाव्या दिवशी त्या भिंतीच्या कडेला तिच्या खुरप्याला चपटा दगड लागला. दगडाखाली मडक्याचा काठ दिसला आणि नर्मदाबाईनं खुरपं मागं घेतलं.

बावीस वर्षांपूर्वी ती आणि सटवाजी मेंढरांसाठी ह्याच वावरात झोपडी बांधून राहिले होते. त्यांची सुकन्या त्या झोपडीतच जन्मली. बाळापाठोपाठ पडते ती वार नर्मदाबाईनं रीतीप्रमाणं नव्या मडक्यात घातली, वर चपटा दगड ठेवला आणि भिंतीच्या कडेला पुरली. अशी जागा कुणाला सांगायची नसते. कुत्र्यानं उकरली, कुणी उघडी केली, तर ज्याची वार त्याच्या जिवावर बेतते, हे तिनं सासूकडून ऐकलं होतं आणि शेकडो बायांना स्वतः बजावलं होतं. आणि आज तीच सुकन्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा भरत आला होता. आधीचं एक पोटातच गेलेलं.

कमरेइतक्या खोल खड्ड्यात बसून तिला एवढं सुचायला हवं होतं, की आपण तर कोपरभर खोलच पुरलं होतं. पण घाबरलेल्या आईला मोजपट्टी कुठं सुचते? तिनं पटकन दोन ओंजळी माती दगडावर ओढली, दाबली, आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन खरवडायला लागली.

तीन दिवस तिनं तो कोपरा सांभाळला. त्यावर घमेलं ठेवी, पाण्याची कळशी ठेवी. चौथ्या दिवशी मॅडम खड्ड्यात उतरल्या.

"मावशी, एवढाच कोपरा उंच का राहिला?"

नर्मदाबाई सरळ त्या कोपऱ्यावर जाऊन बसली. "इथं न्हाई खणायचं, मॅडम. माझ्या सुकन्याची वार हाय हितं. लेक दोन जिवाची हाय. काय करायचं ते माझं करा, पर हे उघडू नका." बोलता बोलता तिला रडू फुटलं. गावानं तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. खुरपी जागच्या जागी थांबली.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. शेजारी मांडी घालून बसल्या. "तुम्ही म्हणाल तर नाही उघडणार. पण एकदा ही खड्ड्याची कड बघा आणि मला सांगा, काय दिसतं."

नर्मदाबाईनं डोळे पुसून पाहिलं. उभ्या कापलेल्या मातीत पट्टे होते. एक घट्ट सारवलेली जमीन, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि मग वर नांगरटीची भुसभुशीत माती. वरच्या दोन्ही जमिनी त्या दगडावरून अखंड गेलेल्या. जन्मभर घर सारवलेल्या बाईला ह्यापुढं समजावून सांगायला लागत नाही. तिनं बावीस वर्षांपूर्वी खड्डा केला असता, तर ह्या वरच्या जमिनीही फुटलेल्या दिसल्या असत्या.

"हे माझं न्हाई," ती हळूच म्हणाली. "मग कुणाचं?"

"तीन हजार वर्षांपूर्वी इथं राहणाऱ्या माणसांचं."

आता तिनंच माती बाजूला केली. दगडाभोवती सगळ्यात खालच्या जमिनीला एक ठिगळ होतं. कुणीतरी जमीन फोडली होती, मडकं आत ठेवून वरून पुन्हा लिंपली होती. लिंपताना फिरवलेल्या चार बोटांचे ओरखडे अजून तसेच होते. नर्मदाबाईनं त्यावर आपली बोटं ठेवली. तिच्या सासूला सासू, तिला सासू, असं मागं मागं जाऊन तिचं डोकं गरगरलं, आणि तरी ती लिंपणारी बाई काही हाती लागेना. लागली ती एवढी चार बोटं.

मॅडमनी दगड उचलला. लाल मडकं, त्यावर काळ्या रेघा. आत हाडं नव्हती, दाणे नव्हते. तळाला तेवढी मूठभर काळपट माती होती.

"रिकामंच आहे. धान्याचं असावं," मॅडम म्हणाल्या.

"रिकामं काहून म्हणता?" नर्मदाबाईला राहवेना. "दाणे असं भिंतीकडंला, लिंपून, कुणी ठिवतं का? पुन्हा काढायला नकोत? बाळंतीण होती हितं कुणीतरी. वारंची शेवटी मातीच व्हते, मॅडम. राहत न्हाई काय."

मॅडमनी वही काढली. वार कशी ठेवतात, दगड कसला लागतो, जागा कुठली, सगळं विचारून विचारून लिहिलं. हे नक्की तेच आहे असं मी म्हणू शकत नाही, असंही त्या म्हणाल्या. पण सांगणारीचं नाव म्हणून त्यांनी खाली लिहिलं: नर्मदाबाई सटवाजी, सुईण.

आता खरी तकलीफ पुढं होती. हे सुकन्याचं नव्हतं, म्हणजे सुकन्याचं अजून मातीतच होतं, आणि सहा दिवसांनी मशीन येणार होतं. झोपडी कधीच पडली होती, वरून नांगर फिरला होता. नर्मदाबाईला जागा नेमकी सांगता येईना. मॅडमनी शेवटचे दोन दिवस तिला दिले. पुन्हा खुंट्या, दोऱ्या, कुंचले. विद्यार्थी मनातून कुरकुरले असतील, पण खालमानेनं खरवडत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी कोपरभर खोलीवर कळमनुरीच्या बाजारातलं साधं काळं मडकं लागलं. दगड जागेवर होता.

नर्मदाबाईनं दगड थोडा सरकवला आणि आत पाहिलं. मूठभर काळपट माती.

मॅडमनी लाल मडकंही मातीसकट आणून शेजारी ठेवलं. तिनं एकात पाहिलं, मग दुसऱ्यात पाहिलं. "बराबर तीच माती," ती म्हणाली. इतक्या दिवसांची भीती तिच्या अंगातून उतरली. जे उघडं पडायचं ते तर कधीच मातीला मिळालं होतं. सुकन्याचं मडकं तिनं त्याच दिवशी घरामागं नेऊन पुरलं, आणि ह्या वेळी जागा सटवाजीलाही दाखवली.

मशीन आलं, पांढरीच्या वावरात कालवा पडला. मॅडमची माणसं शाळेच्या खोलीत खापरं धूत, नोंदी करत महिनाभर राहिली. त्याच महिन्यात सुकन्या कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात मोकळी झाली. मुलगी झाली. दोघी धडधाकट.

नर्मदाबाई पेढे घेऊन शाळेत गेली, तेव्हा जीप भरायचं चाललं होतं. एका खोक्यात पेंढा घालून मॅडम ते लाल मडकं आडवं ठेवत होत्या.

"ओ मॅडम, आडवं न्हाई! उभं ठिवा. तोंड वर पाहिजे. वार आडवी-पालथी झाली तर बाईला पुढं लेकरू व्हत न्हाई."

मॅडम थांबल्या. "मावशी, तिला जाऊन तीन हजार वर्षं झाली."

"व्हय," नर्मदाबाई म्हणाली. "पर आता लेकरं पुरे, असं ती काय म्हणली न्हाई ना."

रागिणी मॅडमनी खोक्यातला पेंढा पुन्हा बाहेर काढला आणि मडकं उभं केलं.