गुलाबी तट्टू

हौस प्रत्येकाला असावी, पण ती मुक्या जनावराच्या पाठीवर फेडू नये, असं माझं मत आहे. पूर्वी ते नव्हतं. यंदा झालं.

आमचं शेत सांगलीजवळ, माधवनगरच्या पुढं. ऊस, थोडी हळद, गोठ्यात दोन म्हशी आणि एक तट्टू. तट्टू आणलं माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे लेकीच्या आबांनी. ते लष्करात खेचरांच्या तुकडीत होते, आणि नातीला सायकलच्या आधी घोड्यावर बसता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. लेक तेव्हा पहिलीत होती. पुढं सासरे वारले, लेक वाढली. आठवीत गेल्यावर ती तट्टावर बसली की पाय जवळजवळ जमिनीला टेकायचे. मग तिनंच बसणं सोडलं. "त्याची पाठ दुखंल," म्हणायची. तरी क्लासवरून आली की दप्तरासकट आधी गोठ्यात जायची, त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहायची. चारापाणी अर्थातच माझ्याकडं. लाड एकीनं करायचे आणि लीद दुसरीनं काढायची, असा आमचा कारभार होता. तट्टू विकावं असं मी तेव्हापासून म्हणत होते.

माझी धाकटी नणंद पाचगणीच्या वाटेवर दिलीय. त्यांचं स्ट्रॉबेरीचं रान आहे, आणि रानातच पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. गेल्या वर्षी ती माहेरपणाला आली, तर तिचा मुलगा तट्टावर चढला तो उतरायलाच तयार होईना. "वैनी, न्हेऊ का? वरीसभर खेळंल पोरगं, मग धाडते," नणंद म्हणाली. लेकीनं रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितलं, "खेळायला द्या. कायमचं देऊ नका." तेवढ्या बोलीवर तट्टू गेलं.

नेताना एक चूक झाली, आणि ती माझ्या नवऱ्याच्या हातून झाली. आमच्याकडं जनावर विकलं तर त्याचं दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. जुनं दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते, म्हणतात. तट्टू गाडीत चढवलं आणि नवऱ्यानं सवयीनं त्याचं दावं सोडून गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. दाजींनी, म्हणजे नणंदेच्या यजमानांनी, गाडीतली नायलॉनची दोरी काढून बांधली. मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

यंदा नणंदेचा फोन आला. "वैनी, तट्टू आमालाच देऊन टाका की. तुमाला तरी त्याचा काय उपेग?" मी तर एका पायावर तयार होते. नवराही म्हणाला, बहिणीच्याच दारात राहील, डोळ्यासमोर राहील. लेक म्हणाली, "आधी बघून येऊया. खूश असेल तर देऊ." म्हणून एका रविवारी आम्ही तिघं गेलो.

फाटकाशीच वास आला. सडक्या स्ट्रॉबेरीचा, क्रीमचा आणि कुठल्या तरी अत्तराचा, सगळा एकत्र. हिरवळीवर पर्यटकांची ही गर्दी, मोठ्यांच्या हातात मोबाईल, पोरांच्या तोंडाला लाल रस, आणि मधोमध एक गुलाबी वस्तू उभी होती. मला आधी ते खेळणं वाटलं. वस्तूनं शेपटी हलवली तेव्हा कळलं, की हे आमचं तट्टू.

सगळं अंग गुलाबी रंगवलेलं. आयाळ जांभळी. खुरांना चमकी. कपाळावर इलॅस्टिकनं बांधलेलं सोनेरी प्लॅस्टिकचं शिंग, आणि पाठीवर टिकल्या लावलेली झूल, लग्नात नवरीच्या मावश्या नेसतात तसल्या कापडाची. एक बाई आपल्या पोराच्या हातानं त्याच्या तोंडात क्रीम लावलेली स्ट्रॉबेरी कोंबत होती. ते गिळत नव्हतं. लाळ आणि लाल रस हनुवटीवरून गळत होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

"परीच्या गोष्टीतला घोडा केलाय वैनी," दाजी मागून येऊन म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद, जणू घरात कुणी कलेक्टर झालंय. "पुण्या-मुंबईची लोकं खास ह्याच्यासाठी येत्यात. वाढदिवसाला तर लय मागणी."

"आणि तुमचं पोरगं? त्याला खेळायला नेलं होतं ना?" मी विचारलं.

"त्येला काय, त्येला आता मोबाईल हाय."

लेक पुढं गेली आणि झूल उचलू लागली. झूल सहज निघेना. पट्ट्याखाली जखम होती, तळहाताएवढी, आणि कापड तिला चिकटलं होतं. निघालं तेव्हा पू आणि गुलाबी रंग एकत्र ओघळला. तो वास आला आणि मी बाजूला जाऊन त्यांच्या त्या कातरलेल्या मेंदीच्या कुंपणात ओकले. आजही दुकानात गुलाबी केक दिसला तर मी तोंड फिरवते.

"जरासं घासलंय. आमी हळद लावतो की," दाजी म्हणाले.

"सांगलीच्या माणसांना हळद सांगताय व्हय दाजी? कुठं दिसत न्हाई ती," मी म्हणाले. "तट्टू आम्ही आज घेऊन जाणार."

"घेऊन कसं जाता? दिलंय न्हवं तुमी? दावं ठिवून घेतलंत, तवाच आमी वळखलं, पावण्यांनी जनावर देऊन टाकलं. फोन केला तो तुमचा मान म्हणून."

चोर तो चोर, वर शिरजोर. त्यात नणंद पुढं आली. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही, सरळ भावाला धरलं. "माहेरनं लेकीच्या दारात दिलेलं कुणी माघारी न्हेतं का रं दादा? लोकं काय म्हणतील?"

आणि माझा नवरा, बांधावरून भाऊबंदांशी दिवसभर भांडू शकणारा माणूस, चपलेच्या अंगठ्याकडं बघत उभा राहिला. त्याला दोन्ही पटलं होतं, दाव्याचंही आणि लेकीच्या दाराचंही. रीत म्हटली की आमच्या घरातल्या पुरुषांची जीभ टाळ्याला चिकटते. मला त्या जखमेची आली तितकीच शिसारी त्या क्षणी त्याचीही आली. जनावर सडत असताना माणूस रीत आठवत उभा राहतो, याला काय म्हणावं?

लेकीनं शिंग काढलं, झुलीची घडी केली, आणि दोन्ही आत्याच्या हातात दिलं. "आत्या, हे तुमचं. तट्टू आबांनी मला दिलं होतं. बाबांनी दावं ठेवलं असेल, पण तट्टू बाबांचं नव्हतंच. मग त्यांनी दिलं कसं?"

नणंदेनं दाजींकडं बघितलं. दाजींना तोड सुचली. ते घड्याळ बघून म्हणाले, "बरं न्ह्या. पण चारला एक वाढदिवस ठरलाय, तेवढा हू द्या की. पोराचं मन मोडंल."

मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. एवढं बघितल्यावर माणसाला लाज वाटते, असा माझा समज होता. तो खोटा निघाला.

सांगलीच्या बाजारात माल टाकायला निघालेला एक पिकअपवाला भेटला. परत येताना गाडी रिकामी म्हणून तो एरवी भाडं शोधतो, आम्ही त्याला जातानाच क्रेटांच्या मागं जागा करायला लावली. लेक तट्टाजवळ मागं बसली. पुढं ड्रायव्हरशेजारी आम्ही नवरा-बायको, मी घरापर्यंत खिडकीकडं तोंड करून.

घरी धुतलं तर ओढ्याला रंगपंचमीसारखं पाणी गेलं, तरी रंग पुरता निघाला नाही. गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, जखम भरत आली. मग पुन्हा तोच प्रश्न. विकायचं की नाही? खरं सांगते, आता मला ते जास्तच विकायचं होतं. ती गुलाबी छटा दिसली की मी वैरण लांबूनच टाकायचे. लेकही यावेळी म्हणाली, "लहान पोरं असलेलं चांगलं घर मिळालं तर देऊया. माझ्या काही ते कामाचं नाही." तेवढं मोठं मन तिनं केलं.

जतकडचा एक माणूस आला. मेंढरं राखणारा, नवऱ्याच्या ओळखीतला. त्यानं आधी तट्टाला हात हुंगू दिला, मग दात बघितले, जखमेच्या कडेनं बोट फिरवलं, काय खातं ते लेकीलाच विचारलं. लेकीला तो आवडला. मलाही आवडला. तट्टू कडबा खात होतं. मी मनात गोठ्याचा तो कोपरा रिकामा करून तिथं खताची पोती रचलीसुद्धा.

"पोराला फोटू धाडतो," म्हणून त्यानं मोबाईल काढून समोर धरला.

तट्टाचं चावणं थांबलं. त्यानं मान खाली वळवली, पुढचा उजवा पाय गुडघ्यात मुडपून वर उचलला आणि तसंच उभं राहिलं. कडबा तोंडातून अर्धा बाहेर लोंबत होता. उचललेला पाय थरथरत होता.

"आयला, शिकलेलं हाय की!" माणूस खुशीनं म्हणाला. "लय गुणाचं जनावर. पोरं नाचत्याल माजी." तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आणखी एक फोटो काढला.

"विकायचं न्हाई," मी म्हणाले.

"आवं वैनी, आत्ताच तर तुमी..."

"चहा घेऊन जावा. पण तट्टू विकायचं न्हाई."

नवरा माझ्याकडं बघून चहा टाकायला आत गेला. माणसानं मोबाईल खिशात घातला. तरी पाय खाली येईना. लेकीनं लिदीतच गुडघे टेकले, तो खूर दोन्ही हातांत धरला आणि हळूच जमिनीवर ठेवला.