हँड वॉर्मरला बिनभेसळीचं तेल

डबा उघडला आणि शेंगदाण्याचा वास आला.

जुन्नर तालुक्यातल्या आणे गावच्या पठारावर, रस्त्याकडेच्या खड्ड्याशी मी उकिडवा बसलो होतो. खड्ड्यात तुटलेली फायबर केबल. हातात इंधन म्हणून आलेला डबा, आणि डब्यात लाकडी घाण्याचं, सोनेरी, घमघमणारं गोडं तेल.

मी फायबर जॉइंटर. इंटरनेटच्या केबलमध्ये केसाएवढ्या काचेच्या तारा असतात. जेसीबीवाले त्या तोडतात, मी जोडतो. या व्यवस्थेवर दोघांचीही घरं चालतात. तार सोलायची, स्पिरिटनं पुसायची, टोक सरळ कापायचं आणि स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोकं वितळवून एक करायची. सगळं उघड्या बोटांनी. हातमोजा घातला तर तार सापडत नाही. बोटं गारठली तर तार मोडते.

आणि आण्याची थंडी म्हणजे काय सांगू! जानेवारीत तिथं कोंबडा आरवत नाही. तोंड उघडायची त्याची हिंमत होत नाही. तो घरोघर जाऊन कड्या वाजवतो. शेकोटी करावी, तर राख उडून काचेवर बसते आणि जोड नापास.

म्हणून आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांनी, निंबाळकर साहेबांनी, मनालीच्या सहलीहून दहा हँड वॉर्मर आणले. सिगारेटच्या पाकिटाएवढी स्टीलची डबी. आत कापूस. कापसाला इंधन पाजायचं. तोंडाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या जाळीची टोपी. इंधनाची वाफ त्या जाळीवर हवेला भेटते आणि ज्योतीशिवाय जळते. खिशात ठेवा, हात शेका. सोबतचं माहितीपत्रक जपानीत. चित्रात डबीत एक थेंब पडत होता. कशाचा, ते जपानला ठाऊक, आणि असली डबी पूर्वी एकदा वापरलेल्या मला.

आदल्या दिवशी आळेफाट्याच्या स्टोअरकीपरला मी फोन केला होता.

"गायकवाड, वॉर्मरला तेल पाठवा."

आमच्या भागात ट्रॅक्टरात डिझेल घातलं तरी तेल, मोटरसायकलीत पेट्रोल भरलं तरी तेलच.

"कसलं तेल?"

"चांगल्यातलं. बिनभेसळीचं."

गायकवाड शब्दाला जागणारा माणूस. बोरी बुद्रुकला जाऊन घाण्यावर उभा राहिला आणि डोळ्यांदेखत काढून घेतलं.

हसण्यावारी नेलं असतं, पण शेजारी कोमल उभी होती. गावातली पोरगी, कॉम्प्युटर शिकलेली. अकरा वाजता तिचा नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. टॉवरही याच केबलवर, त्यामुळे मोबाइलसुद्धा मुका.

"आळेफाट्याला गेली असतीस तर?" मी विचारलं.

"तिथं शांत खोली कुठंय, दादा? ट्रकच्या हॉर्नवर ताल धरून उत्तरं देऊ का?"

तिचे चुलते बबनकाका कानटोपी सावरत पुढं आले. "गोडं तर गोडं. दिव्यात जळतं, मग ह्यात न्हाई व्हय?"

काकांच्या समाधानासाठी एका डबीत ओतलं. टोपीला काडी लावली. काहीच नाही. गोड्या तेलाची थंडीत वाफच होत नाही, आणि ही डबी खाते ती फक्त वाफ. कापूस मात्र असा तेलकट झाला की पिळून दोन माणसांची भाजी फोडणीला पडली असती.

"मंग ट्रॅक्टरचं घ्या," काका म्हणाले. डिझेलही जडच. दुसरी डबी गेली. हात गरम न होता हाताला तालुक्याच्या गॅरेजचा वास लागला.

मी मशीन तपासायला वळलो तेवढ्यात काकांनी मोटरसायकलची नळी काढून तिसरी डबी गच्च भरली, वरून सांडवली आणि काडी ओढली.

भक्क!

जाळ एवढा झाला की जुन्नरला लोकांना वाटलं सूर्य पूर्वेऐवजी आण्यातून निघाला. पूर्वेलाच आहे म्हणा आणे. काकांची उजवी मिशी गेली. मी डबीवर माती लोटली.

"काका, पंपाचं पेट्रोल यात घालत नाहीत! त्यात रंग असतो, औषधं असतात. धूर विषारी, आणि जाळी कायमची बाद होते."

"आदी सांगायचं, राव!"

"आधी विचारायचं!"

"काका, डावीपण काढून टाका आता," कोमल म्हणाली. पण हसली नाही. घड्याळाकडे बघत होती. मी गार बोटांनी दोन जोड मारून पाहिले. दोन्ही तारा मोडल्या. अजून तशीच मोडामोडी झाली असती, तर केबलच पुरली नसती.

तेवढ्यात निंबाळकर साहेबांची गाडी आली.

"काय, हँड वॉर्मर कसे चाललेत?"

"साहेब, एकात भजी तळता येतील, दुसरा नांगरटीला तयार आहे, तिसऱ्यानं काकांची मिशी खाल्ली."

"मग योग्य इंधन वापरा ना!"

"त्याला व्हाइट पेट्रोल लागतं, साहेब. स्वच्छ, बिनरंगाचं, पटकन वाफ होणारं. सिगारेटच्या लायटरमध्ये घालतात ते."

साहेब एकदम आभाळाकडे बघायला लागले. साइटवर 'धूम्रपान सक्त मनाई' हा फलक त्यांनीच लावलेला. बिडी ओढणाऱ्या मजुराला त्यांनी सगळ्यांसमोर उभं करून फुप्फुसावर व्याख्यान दिलेलं. स्वतः मात्र दर अर्ध्या तासानं 'सिग्नल बघून येतो' म्हणत गाडीमागे जायचे. तिथून धुराची सुतळी निघायची आणि साहेब बडीशेप चघळत परत यायचे.

मी आवाज बारीक केला. "साहेब, तुम्ही सिग्नल बघता त्यात कुठलं इंधन घालता?"

साहेबांनी खिशातली बडीशेप चाचपली. वारासुद्धा ऐकायला थांबला.

"सर," कोमल म्हणाली, "माझा अकराला इंटरव्ह्यू आहे. तुमच्याकडं असेल तर द्या ना. आमी कुणाला नाय सांगणार."

"मी सांगणार," काका म्हणाले. कोमलनं त्यांचा पाय तुडवला.

साहेब गाडीकडे गेले. डॅशबोर्डातून निमुळत्या तोंडाचा छोटा पत्र्याचा डबा आणला.

"हे मी... शर्टावरचे डाग काढायला ठेवतो."

"डागच निघतोय, साहेब."

नवी डबी घेतली. मशीन आणि स्पिरिटच्या बाटलीपासून लांब, उघड्यावर, मापानं भरली. कापूस ओला व्हावा, थबथबू नये. हात कोरडे पुसले. टोपी बसवली. काकांनी काडेपेटी काढली, ती मी काढून घेतली. साहेबांनी मुकाट्यानं खिशातला लायटर पुढं केला. काही क्षण टोपीला ज्योत दाखवली. जाळ नाही, आवाज नाही. डबी हळूहळू तापली. कापडी पिशवीत घालून खिशात टाकली, कारण तिला हवा लागते आणि उघडी धरली तर कातडी भाजते. त्याच कारणानं खड्ड्यावर वाऱ्याच्या आडोशाला ठोकलेल्या तंबूचं तोंड उघडं ठेवलं. बंद जागेत ही डबी आपल्याच वाट्याची हवा खाते.

दोन तारा जोडायच्या, हात खिशात. दोन जोडायच्या, हात खिशात. बोटं परत माझी झाली.

अकराला पाच मिनिटं असताना टॉवर जागा झाला. कोमल ग्रामपंचायतीच्या खोलीकडे अशी पळाली, की तिच्या मागं सुटलेला वारा अजून तिला शोधतोय.

तिला नोकरी लागली. साहेबांनी वरिष्ठांना कळवलं की हँड वॉर्मरची चाचणी यशस्वी झाली, आणि आणखी चाळीस मागवले. इंधनाचा खर्च 'डाग काढण्याचे द्रव्य' या नावाखाली मंजूर झाला. धूम्रपानमनाईचा फलक आहे तिथंच आहे. फक्त साहेब आता सिग्नल बघायला आळेफाट्यापर्यंत जातात.

धडा एवढाच: इंधन मागताना त्याचं पूर्ण नाव घ्यावं. नुसतं 'तेल' म्हटलं, की स्टोअरकीपरला कढई दिसते, शेतकऱ्याला ट्रॅक्टर, आणि ज्याच्याकडे खरं असतं तो आभाळाकडे बघतो.